हळद-निळीचं रान

"वाका."

खोलीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा पहिला शब्द हाच असे. नमस्कार नाही, बसा नाही, कुठून आलात नाही. कोणी न समजून उभाच राहिला, तर त्यांचा डावा तळवा त्याच्या मानेवर यायचा आणि त्याची हनुवटी समोरच्या मोठ्या लाकडी पाटाच्या कडेला टेकेपर्यंत तिथून हलायचा नाही.

"हां, आता बघा," ते म्हणत. "आवं, उभं राहून इंजिन कोण चालवतं? वरनं बघायला आपण काय घारी हाय?"

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. पहिल्या भेटीत तो आपल्याला अर्धवट वाटतो. हा साहेबाच्या खुर्चीवर कसा काय बसलाय, असं मनात येतं. मलाही तसंच वाटलं होतं.

औंधच्या पलीकडच्या कोरड्या मुलखातलं माझं गाव. वडील मेंढरं राखायचे, आजोबाही तेच करायचे. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. साताऱ्याला बी.ए. झालो, रेल्वेत असिस्टंट स्टेशन मास्तर म्हणून निवड झाली आणि शिकाऊ म्हणून सांगलीला आलो. मोठ्या गेजच्या गाड्या सुरू होऊन फार काळ लोटला नव्हता. जुन्या छोट्या गेजची बरीच जागा रिकामी पडली होती. त्यातल्याच एका गोदामवजा खोलीत आमचा वर्ग भरायचा. मी नवी वही, नवं पेन आणि आईनं शिवून घेतलेला नवा सदरा, असा सगळा थाट करून गेलो. वाटलं, इथे जाड पुस्तकं असतील, फळा असेल, चष्मा लावलेले प्राध्यापक असतील.

खोलीत एक जाडजूड गृहस्थ बनियनवर बसले होते. तोंडात सायकलच्या ब्रेकची तार, मांडीवर वाळलेलं घोसाळं, दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवे. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाका."

मी वाकलो.

एक अख्खा मुलूख माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. रूळ वळण घेत लांब चालले होते. डावीकडे चिंच, उजवीकडे बाभळींची रांग, मागे झाडीनं भरलेला डोंगर, मध्येच उसाचं शेत, त्याच्या कडेला शेवगा. एकेक झाड माझ्या बोटाएवढं, पण हनुवटी टेकवून बघताना ते माझ्याहून उंच होतं. खरं सांगतो, कोणी म्हटलं असतं, जा, त्या चिंचेखाली बसून भाकरी खा, तर मी गेलो असतो.

"सिग्नल दिसला का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

"सर न्हाई, मास्तर म्हणायचं. मी जल्मभर स्टेशन मास्तर होतो. चिंचेच्या आड हाय सिग्नल. तुमची गाडी गेली आत. आता गार्डाला जाऊन तोंड दाखवा. शिकलेलं काय?"

"बी.ए."

"मग बी.ए. आत गेला म्हणायचं," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून माझं नाव बी.ए. पडलं.

पाटाच्या एका टोकाला हातानं फिरवायचं चाक होतं. ते फिरवलं की दोरीनं पत्र्याचं इंजिन रुळांवरून पुढे सरकायचं. दुसऱ्या टोकाला लहान स्टेशन, गाडीचा रूळ बदलणारे सांधे आणि सिग्नलचे खटके. अशा खोल्यांमध्ये नुसता पाट, रूळ आणि सिग्नल असले तरी काम भागतं. मास्तरांना ते मान्य नव्हतं. "मोकळ्या पाटावर सिग्नल सगळ्यांनाच दिसतो," ते म्हणायचे. "लाइनीवर मोकळा पाट न्हाई. लाइनीवर झाड हाय, वळण हाय, धुकं हाय, डोळ्यावर ऊन हाय. ते शिकवायचं सोडून बाकी काय शिकवू?"

म्हणून ते झाडं करायचे. नियम शिकवता शिकवता करायचे, आमचा डबा खाऊन होईपर्यंत करायचे, कोणी वरचा आला तरी त्याच्याशी बोलता बोलता बोटं चालूच. ब्रेकच्या जुन्या तारेचं एक टोक उसवायचं, पीळ सोडून फांद्या पसरायच्या. खोडाला डिंक आणि काव. फांद्यांवर घोसाळ्याच्या जाळीचे तुकडे ओढून ताणून लावायचे. त्यावर पुन्हा डिंक, आणि मग चाळणीनं चाळलेला लाकडाचा भुसा, हाच पाला. भुशाला हिरवा रंग द्यायची त्यांची रीत सांगलीचीच होती. बाजारात हळदीच्या वखारीतलं झाडून काढलेलं कण्या-भुकटीचं मिश्रण मिळायचं. ती हळद आणि कपड्यांना घालायची नीळ. हळद जास्त घातली की कोवळा पाला, नीळ जास्त घातली की जुना.

या रंगात एक खोट होती. हळद उन्हाला टिकत नाही. खिडकीजवळच्या बाभळी महिन्याभरात निळ्याशार झाल्या. आम्ही हसलो. मास्तरांनी खिडकीच बंद करून टाकली. सांगलीच्या उकाड्यात आम्ही नियम पाठ करत घामानं निथळायचो आणि झाडं मात्र गारव्यात असल्यासारखी हिरवीगार.

"मास्तर, गुदमरतोय," माझा सोबती म्हणायचा.

"गुदमर. झाडाचा रंग उडला तर परत लावणार कोण, तुझा बा?"

हा सोबती हरिपूरचा. आम्ही त्याला हरिपूरकरच म्हणायचो. त्याची आई हळदीच्या वखारीत कामाला जायची. मास्तरांना भुकटी आणून द्यायचं काम त्याचंच. त्याच्या शर्टाची कॉलर कायम पिवळी असे आणि मास्तर त्याला विचारत, "नवरदेव, वऱ्हाड कवा निघणार?"

एकदा त्यांनी मला जवळ बोलावलं. हातात नुकतीच केलेली बाभूळ.

"बी.ए., तुमच्या मुलखातली बाभळ अशीच असती का रं?"

मी पाहिलं. झाड सुंदर होतं, पण काहीतरी चुकत होतं. मला ते लगेच कळलं, पण शिकवणाऱ्याला चूक सांगायची मला सवय नव्हती.

"बोल की गड्या."

"खालच्या फांद्या इतक्या खाली नसतात मास्तर. शेरडं मागच्या पायांवर उभी राहतात. त्यांचं तोंड जिथवर पोचतं, तिथवर पाला राहत नाही. खालून झाड कापल्यासारखं सपाट दिसतं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता बोलणी बसणार. मग ते मोठ्यानं हसले, मांडीवर थाप मारली. हिरवा पंजा धोतरावर उमटला. कात्री घेऊन त्यांनी बाभळींची रांगच्या रांग खालून छाटली. आणि खरोखर, माझ्या गावाबाहेरचा माळ तिथे उभा राहिला. शेरडं तेवढी दिसत नव्हती, नुकतीच पुढे गेल्यासारखी. कॉलेजात मी पुष्कळ शिकलो. पण मला घरून जे माहीत होतं, ते कोणी मला विचारलं, असं माझ्या आयुष्यात तेव्हा पहिल्यांदाच घडलं. त्यासाठी मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

अशात बातमी आली की वरचे साहेब खोली बघायला येणार आहेत. शिकाऊ लोकांचा वेळ झाडं करण्यात जातो, अशी कोणीतरी त्यांच्याकडे तक्रार केली होती. झाडं काढून साधा पाट ठेवावा, असं साहेबांचं मत झालंय, हेही आमच्या कानावर आलं. एरवी कोणालाही न जुमानणारे मास्तर त्या दिवशी डबा न उघडता बसून राहिले.

"झाडं गेली तर हितं माझं काय काम?" ते म्हणाले. "सिग्नलचे नियम पुस्तकात हायेत. ते कुणीबी वाचून दाखवील. बघायचं कसं, ते कोण दाखवणार?"

रेल्वेत साहेब येणार म्हटलं की जे जे जागचं हलत नाही, त्याला चुना लागतो. खांब, भिंती, कुंपणाचे दगड, झाडांची खोडं. आमच्या खोलीलाही चुना मारायचं ठरलं. साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. पाट जागेवरून हलवता येत नव्हता. चुना मारणाऱ्यांनी भिंती खरवडायला घेतल्या, तसे मास्तर ओरडले, "थांबा! माझ्या झाडांवर धूळ बसंल."

आम्ही स्टेशनातून चादरी आणल्या. मास्तर म्हणाले, "कोरड्या कापडातनं धूळ झिरपती. ओल्या करा, पिळा आणि मग टाका. ओल्याला धूळ चिकटून ऱ्हाती."

अगदी शहाणपणाची सूचना होती. आम्ही चादरी भिजवल्या, पिळल्या आणि डोंगर-रान-स्टेशन सगळं झाकून टाकलं. माणसांनी छतापासून चुना मारला. पांढरे थेंब चादरींवर टपटपत राहिले. संध्याकाळी कुलूप लावून आम्ही घरी गेलो. चादरी तशाच राहिल्या.

सकाळी खोली लख्ख पांढरी झाली होती. मी एका बाजूनं धरलं, हरिपूरकरनं दुसऱ्या बाजूनं आणि आम्ही चादर उचलली.

रान लाल झालं होतं.

मी हे लिहितोय आणि आजही मला ते तसंच दिसतंय. थोडंफार नाही, सगळं. डोंगर लाल, चिंच लाल, ऊस लाल, माझी बाभळींची रांग लाल. कुठे तांबूस, कुठे जांभळट, कुठे वाळलेल्या रक्तासारखं काळपट. आम्ही चादर हातात धरून तसेच उभे राहिलो. कोणीतरी येऊन रात्रीत हे केलं, असंच माझ्या मनात आलं. पण कुलूप मीच उघडलं होतं.

हरिपूरकरनं चादर खाली टाकली आणि कपाळावर हात मारला. "चुना! अरे देवा, चुना! हळदीला चुना लागला की कुंकू होतंय. आमची आय घरी करती की. मला कसं सुचलं न्हाई?"

आम्हाला कोणालाच सुचलं नव्हतं. त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या घरात हळद होती आणि कुंकू होतं.

मास्तर दारातच उभे होते. मला वाटलं, आता ते हरिपूरकरला फाडून खातील. ते पाटाच्या कडेला आले, पण वाकले नाहीत. स्टेशनापलीकडच्या डोंगराकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा झाला होता.

"झाका," ते म्हणाले. "परत झाका ते."

"मास्तर, लिंबू!" हरिपूरकर म्हणाला. "लिंबू पिळलं की परत पिवळं होतंय. मी बघितलंय."

तो धावत जाऊन टोपलीभर लिंबं घेऊन आला. रेल्वेचे भावी स्टेशन मास्तर पाटावर ओणवे होऊन झाडांवर लिंबं पिळायला लागले. एकजण म्हणाला, "मीठ पण घाला रं, लोणचं होईल." आम्ही घाबरलेलो होतो, तरी हसलो. उपाय लागू पडत होता. कडेची झाडं एकेक करून परत हिरवी व्हायला लागली. मास्तर मात्र स्टुलावर बसले होते. एकाही झाडाला त्यांनी हात लावला नाही. इतक्या दिवसांची मेहनत गेली म्हणून ते खचले, असं आम्ही धरून चाललो. पुढच्या झाडांचं बरंचसं उरकलं, पण मागच्या डोंगरापर्यंत हात पोचेनात. तेवढ्यात बाहेर जीप थांबली.

साहेब उंच, सावळे, आवाजानं शांत होते. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. लिंबाच्या साली, लाल डोंगर, आमचे ओले हात.

"मास्तर, हे काय स्नेहसंमेलनाचं नेपथ्य आहे का?"

मास्तर उठून उभे राहिले.

"ऐकलंय की तुम्ही सगळ्यांना वाकायला लावता," साहेब म्हणाले. "मीही वाकतो."

आणि कोणी न सांगता ते वाकले, हनुवटी कडेला टेकवली, हात चाकावर ठेवला. आम्ही मास्तरांकडे बघत होतो. त्यांचा डावा हात शरीराला चिकटून होता. पलीकडे मी खटक्यावर होतो. सिग्नल धोक्याला ठेवला. स्टेशनात गाडीचा एक डबा उभा केला. नियमाप्रमाणे साहेबांनी सिग्नलपाशी थांबायला हवं होतं.

साहेबांनी चाक फिरवायला सुरुवात केली. इंजिन वळणावरून आलं, बाभळींमधून गेलं, चिंचेच्या पुढे निघालं.

"सिग्नल कुठे आहे?"

"समोरच आहे साहेब," मी म्हणालो.

"कुठे? दिसत नाही मला."

चाक फिरत होतं. टक्, असा बारीक आवाज झाला. स्टेशनातला डबा आडवा पडला.

साहेब हसत उभे राहिले. रुमालानं हनुवटी पुसली. "गेलो मी! म्हणजे ही झाडं नसती तर सिग्नल दिसला असता. मास्तर, छंद म्हणून घरी करा. इथून काढून टाका सगळी."

आता मास्तर झाडांसाठी भांडतील, मोकळा पाट, वळण, धुकं, सगळं ऐकवतील, अशी आमची खात्री होती. ते आडव्या पडलेल्या डब्याकडे बघत म्हणाले,

"साहेब, तो असाच गेला."

"कोण?"

"माझा पैंटमन. सांधे बदलणारा."

साहेबांनी रुमाल खिशात ठेवला.

मास्तर आधी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलायला लागले. जुन्या लाइनीवरचं एक लहान स्टेशन होतं, ते तिथे मास्तर होते. सिग्नलच्या मागे थोड्या अंतरावर गुलमोहराचं एक झाड होतं. पाच-सहा वर्षांचं. इंजिनावरून बघितलं की सिग्नलचा लाल हात नेमका त्या हिरव्या झाडापुढे यायचा. "लय उठून दिसायचा साहेब. डायवर लोक सांगायचे, मास्तर, तुमच्यासारखा सिग्नल अख्ख्या लाइनीत न्हाई. आमाला अभिमान होता त्या झाडाचा. झाड तोडावं असं कुणाच्या सपनात आलं न्हाई. तवर त्याला कवा फूल आलं नव्हतं."

मग बोलणं पुस्तकातून पुरतं सुटलं.

"त्या वर्सी पयल्यांदा फुललं. वैशाखात. पानबी दिसंना, असं फुललं. आमी सगळे बघत उभं ऱ्हायलो. कुणाच्या डोक्यात आलं न्हाई साहेब. लाल झाडापुढं लाल हात. सुटं इंजिन आलं. सांजचं ऊन. डायवर म्हणला, मला सिग्नल दिसलाच न्हाई. खोटं न्हाई बोलला तो. मी नंतर जाऊन त्याच्या जागंवर बसून बघितलं. मलाबी दिसला न्हाई. आन हा सांध्यावर वाकून तेल देत व्हता. सिग्नल धोक्याला हाय म्हणून बिनघोर."

साहेबांनी अगदी हळू विचारलं, "झाड कोणी लावलं होतं?"

"त्यानंच."

मला वाटतं, त्या एका शब्दानं मी जितका हादरलो, तितका पुढच्या आयुष्यात फार थोड्या वेळा हादरलो असेन. आम्ही इतके दिवस त्या माणसाच्या हाताखाली बसत होतो. त्यांच्या डब्यातलं खात होतो, त्यांच्या वाकण्याची नक्कल करून हसत होतो. चिंच, बाभूळ, वड, बांबू, सिग्नल लपवणारं जे जे म्हणून झाड आहे, ते ते त्यांनी आम्हाला शिकवलं. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला होता, ते झाड त्या पाटावर कुठेच नव्हतं. ते त्यांच्यानं झालंच नव्हतं. ते झाड एका रात्रीत, सगळ्या डोंगरभर, आपलं आपण येऊन उभं राहिलं होतं.

साहेब पुन्हा वाकले. या वेळी बराच वेळ. उठले तेव्हा त्यांचे डोळे चुरचुरल्यासारखे दिसत होते. त्यांच्यासाठी आणलेला चहा तसाच गार झाला होता.

"झाडं राहू द्या," ते म्हणाले. "डोंगर हिरवा करा. पण एक झाड लाल करा, जिथे होतं तिथे. येणाऱ्या प्रत्येक तुकडीला दाखवा. मास्तर, हे मी हुकूम म्हणून सांगत नाही."

मास्तरांनी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, मला कळलं नाही.

जीप गेल्यावर हरिपूरकर म्हणाला, "मास्तर, ते झाड मी करू का?"

"न्हाई. तुला जमायचं न्हाई. तू ते बघितलं न्हाईस."

पुढचे कित्येक दिवस ते एकाच झाडाशी बसले. आम्ही लिंबं पिळून, नवा भुसा रंगवून डोंगर हिरवा केला. ते तिकडे बघतही नव्हते. हळदीत चुन्याची निवळी थेंबाथेंबानं टाकायचे, भुसा वाळवायचे, उजेडात धरायचे आणि फेकून द्यायचे. "हे कुंकू झालं. गुलमोहर कुंकवासारखा नसतो. त्यात उनाचा रंग असतो." मी ताटली धरून शेजारी बसायचो. कधीतरी, मान वर न करता, ते त्या माणसाविषयी बोलायचे. रोप लावलं तेव्हा शेरडांपासून राखायला त्यानं काट्यांचं कुंपण केलं होतं. इंजिनाला पाणी भरताना नळाखाली जे सांडायचं, ते तो घमेल्यात धरून झाडाला न्यायचा. पहिला तुरा आला तेव्हा ऑफिसात धावत आला होता. "मास्तर, चला, बघा तरी, आपलं पोर वयात आलं!"

"मला टपाल लावायचं व्हतं," मास्तर म्हणाले. "मी म्हणालो, थांब जरा. मग गेलो. बघितलं. म्हणालो, झ्याक हाय."

झाड पूर्ण झालं ते एका दुपारी. त्यांनी स्वतःच्या हातानं ते सिग्नलच्या मागे रोवलं. आम्ही सगळे वाकलो. हिरव्यागार रानात तेवढं एकच झाड पेटल्यासारखं दिसत होतं आणि त्याच्यापुढचा सिग्नलचा हात, तिथे आहे हे माहीत असूनही, कोणालाच सापडेना.

मग त्यांनी धोतराच्या कनवटीतून काहीतरी काढलं. तारेचा माणूस होता तो, नखाएवढा. निळीनं रंगवलेला सदरा, डोक्याला मुंडासं. त्या पाटावर आजवर एकही माणूस नव्हता. मास्तर म्हणायचे, माणसं केली की पोरं माणसंच बघत बसतात. आम्हाला वाटलं, आता ते त्याला सांध्यावर ठेवणार, वाकवून. मी नजर दुसरीकडे वळवली.

त्यांनी डिंक लावला आणि त्याला स्टेशनच्या बाकावर बसवला. रुळांपासून लांब.

"ह्याला हितनं कुणी हलवायचं न्हाई," ते म्हणाले. "सांध्याला तेल द्यायचं काम दुसरा कुणीतरी करंल."

परीक्षेच्या दिवशी मास्तर आले नाहीत. गावी गेलेत, कराडच्या बाजूला, प्रकृती बरी नाही, असं सांगितलं गेलं. परीक्षा घ्यायला दुसरे कोणी आले होते. मास्तर पुन्हा त्या खोलीत कधी आले नाहीत. आमच्या नेमणुका झाल्या, आम्ही पांगलो. मी त्यांना एकदाही भेटू शकलो नाही, आणि काही वर्षांनी भेटण्यासारखं कोणी उरलं नाही.

परीक्षेत माझा नंबर आला तेव्हा मी वाकलो, चाक धरलं. वळण गेलं, बाभळी गेल्या, चिंच मागे पडली. समोर गुलमोहर फुललेला. मी डोळे फोडून बघत होतो. चाक थांबवायला मला उशीर झाला. टक्, डबा आडवा झाला.

कोणी हसलं नाही. हरिपूरकर पुढे झाला आणि त्यानं डबा उचलून रुळांवर नीट ठेवला. मी अजून वाकलेलाच होतो, म्हणून मला तो दिसला. बाकावर पायावर पाय टाकून बसलेला, हातात मोहरीच्या दाण्याएवढा चहाचा पेला. आपल्या झाडाकडे बघत होता.